बंगल्याच्या पायऱ्यांवरचे चौदा डबे

माझ्या वडिलांनी मला फसवलं. एकाच दिवशी दोनदा. सकाळी माझं काम त्यांनी माझ्या चुलतभावाच्या नावावर लावलं आणि तिसऱ्या प्रहरी त्याची चूक माझ्या नावावर लावली. हे आधीच सांगून टाकते. गिऱ्हाइकालाही मी भाव आधी सांगते, मग काय घासाघीस करायची ती करा.

आमचं घर म्हणजे सरकारी बंगल्यामागच्या दोन पत्र्याच्या खोल्या. पारनेर तालुक्यात गावाबाहेरच्या एका टेकाडावर तो बंगला होता. दौऱ्यावरचे साहेब लोक तिथे उतरायचे. दोन मोठ्या खोल्या, पुढे लांब व्हरांडा, व्हरांड्याला दगडी पायऱ्या. आबा, म्हणजे माझे वडील, तिथे चौकीदार होते. खाकी कोट, पितळी बिल्ला, आणि जीपचा आवाज आला की जेवता जेवता उठायची सवय. आई साहेबांचा स्वयंपाक करायची, खोल्या झाडायची, चादरी धुवायची. तिचं नाव मात्र सरकारच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. पगार आबांचा, काम दोघांचं, आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं. चौथा माणूस सुदामदादा, माझ्या थोरल्या चुलत्याचा मुलगा. शाळेसाठी बारा वर्षांचा असताना आमच्याकडे आला आणि मॅट्रिकला दोनदा नापास होऊन आमच्याकडेच राहिला. आबांना मुलगा नव्हता. गरम भाकरी आधी सुदामदादाच्या ताटात पडायची. तो वाईट नव्हता, हेही लिहून ठेवते. शीळ छान घालायचा, जत्रेतून मला बांगड्या आणायचा, आणि काम सांगितलं की लगेच 'व्हय' म्हणायचा. मग ते काम मी करायचे.

तो बहात्तरचा दुष्काळ. बंगल्याची विहीर दिवाळीच्या आत आटली. टेकाडाच्या पायथ्याला रस्त्याचं दुष्काळी काम निघालं होतं. शेकडो माणसं खडी फोडायला बसलेली, त्यात निम्म्याहून जास्त बायका. दिवस उगवला की हातोड्यांचा आवाज सुरू व्हायचा तो मावळेपर्यंत. पहिले काही दिवस तो कानात भरायचा, नंतर ऐकू येईनासा झाला. रविवारी काम बंद असलं की मात्र कान दुखल्यासारखे व्हायचे. आम्ही रेशनवरच्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची, लाल भाकरी खायचो, घशाला खरखरीत लागायची. कामावर मजुरांना सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा गोड चुरा, वाटायचे, तिचा गोडसर तेलकट वास वाऱ्याबरोबर वर यायचा. आणि त्याच वाऱ्यात आमच्या चुलीवर साहेबांसाठी शिजणाऱ्या कोंबडीचा वास मिसळायचा, कारण दुष्काळ पाहायला रोज कुणी ना कुणी साहेब यायचाच. आई रस्सा चाखून थुंकायची. गिळायची नाही. का, ते मी कधी विचारलं नाही.

त्या साली आमच्या गावात कुणाचं लग्न झालं नाही. मला अठरावं लागलं होतं, माझंही पुढं ढकललं गेलं. मला त्याचं बरं वाटलं की वाईट, आठवत नाही. त्या वर्षातलं मला काय वाटलं हे फारसं आठवतच नाही. काय झालं ते सगळं आठवतं.

बंगल्याची बाग म्हणजे एके काळी नावाजलेली. गुलाब, मोगरा, क्रोटनच्या कुंड्या. जुना माळी नोकरीतून सुटला आणि त्याची जागा रिकामीच राहिली. मग टँकर सुरू झाले आणि वरून हुकूम आला की हे पाणी फक्त प्यायला, थेंबभर बागेला गेलं तर नोकरी जाईल. आधी गुलाब गेले, मग मोगरा. क्रोटनची पानं गळून नुसत्या काड्या उरल्या. अख्ख्या आवारात दोनच गोष्टी हिरव्या राहिल्या. एक, फाटकाशी दोन्ही बाजूंना लावलेले पिवळ्या काठाचे घायपात. कुठल्या जुन्या साहेबाने आणून लावले कुणास ठाऊक, पण चांगले कमरेएवढे झाले होते. घायपाताला आमच्याकडे केकताड म्हणतात. टेकाडाच्या उतारावर साधं, राखी-हिरवं केकताडही होतं, गुरं वर येऊ नयेत म्हणून कधीतरी लावलेलं. आणि दुसरी, स्वयंपाकघरामागे आईच्या फुटक्या मडक्यांतली कोरफड.

आज माझी श्रीरामपूरच्या रस्त्याला नर्सरी आहे. लोक गाडीतून उतरतात आणि म्हणतात, "काकू, ते सक्युलंट द्या." मी विचारते, कोणतं? ते म्हणतात, काट्याचं, कमी पाण्याचं. त्यांना कोरफड आणि घायपात एकच वाटतात. दोन्हींची पानं जाड, दोन्ही जमिनीतून फुलासारखी उमललेली, दोन्हींच्या कडेला दात. मग मी दोन्हींचं एकेक पान मोडून दाखवते. कोरफडीचं पान काकडीसारखं कट्‌कन मोडतं. आधी पिवळा कडू रस गळतो, तो निथळू द्यायचा, पान धुवायचं, मग आतला काचेसारखा गर घ्यायचा. घायपाताचं पान मोडत नाही. चिवट असतं, ओढलं की आतून दोरे निघतात. त्याच्या शेंड्याला दाभणासारखा काटा, आणि त्याचा रस अंगाला लागला तर खाज आणि लाल पुरळ, डोळ्यात गेला तर विचारूच नका. एकदा एका बाईंनी मला सांगितलं, "अहो, इंटरनेटवर तर वेगळं लिहिलंय." मी म्हटलं, मग इंटरनेटवरनं पान लावा. गिऱ्हाईक गेलं. जाऊ दे.

हे सगळं मला आईने शिकवलं, आणि तिने ते शिकवतोय असं म्हणून शिकवलं नाही. कोरफडीचं पिल्लू मुळाशी येतं, ते अलगद सुटं करून दोन-तीन दिवस सावलीत तसंच ठेवायचं, जखम सुकली की मुरूम मिसळलेल्या मातीत लावायचं आणि आठवडाभर पाणी दाखवायचं नाही. घाईने पाणी घातलं की बुडातून सडतं. कडक उन्हात तिची पानं तांबूस पडतात, म्हणून दुपारची सावली हवी. घायपाताची पिल्लं जमिनीखालच्या मुळीवरून लांब उगवतात, कुदळीनेच काढावी लागतात, आणि ती कुठेही जगतात, दगडात, उन्हात. कोरफड भाजल्यावर, केसांना, कंबरदुखीला, पोराचं दूध तोडताना छातीला लावायला. उलटी टांगून ठेवली तर मातीवाचून महिनोन्‌महिने हिरवी राहते, म्हणून लोक दारावर बांधतात. घायपात कुंपणाला आणि दोरखंडाला. आई म्हणायची, "केकताडाला इसरलं तरी चालतं. कोरफडीची अधनंमधनं आठवन ठिवावी लागती." आणि एक गोष्ट ती बजावून सांगायची: "दोन्ही शेजारी शेजारी लावू नगं. अडानी मानूस एखाद्या दिवशी चुकंल."

ओव्हरसियर आमच्या बंगल्यावर देखरेखीला यायचा. पान खाणारा, गमत्या माणूस. एक दिवस तो व्हरांड्यात उभा राहून बागेकडे बघत राहिला आणि आबांना म्हणाला, "पुढल्या महिन्यात नगरहून मोठे साहेब येतायत, बाईसाहेबांना घेऊन. बाईसाहेबांना बागेचा भारी नाद. आणि इथं काय दाखवायचं? काड्या?"

आबा म्हणाले, "पानी न्हाई साहेब, काय करनार."

मी चहा घेऊन आले होते. कप ठेवत म्हटलं, "बाग हिरवी दिसली पायजे का पान्यानं भिजली पायजे?"

ओव्हरसियर हसला. "दिसली म्हणजे झालं."

"मग मी करते. पान्याचा थेंब मागनार न्हाई. पन मला काय?"

"हौसे, गप," आबा म्हणाले.

"बोलू द्या की. काय पायजे तुला? बांगड्या?"

"माळ्याची जागा रिकामी हाय."

ओव्हरसियरने पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "बाईमाणसाला माळ्याची जागा?"

"खाली बघा. निम्मं मस्टर बायकांचं हाय. खडी फोडायला चालतात, मग कुंडीत माती भरायला का न्हाई? अठरावं लागलंय मला. सातवी पास हाय. दाखला हाय."

तो आबांकडे वळून म्हणाला, "तुमची पोरगी वकील व्हायची हो." मग माझ्याकडे बघून, "साहेबांना बाग पसंत पडली, तर तुझं नाव मी घालतो. शब्द." मी म्हटलं, आबांसमोर परत एकदा म्हणा. त्याने परत म्हटलं. आबांनी ऐकलं. मान हलवली. हे मी मुद्दाम लिहिते. मान हलवली.

मग महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. सुकडीच्या केंद्रावर तेलाचे रिकामे डबे पडायचे. तिथला वाटप करणारा गडी टाचांच्या भेगांनी लंगडत होता. रोज त्याला कोरफडीचा गर हळद घालून गरम करून द्यायचा आणि त्याने मला डबे द्यायचे, असं ठरलं. त्याला दहा द्यायचे होते. मी म्हटलं, दोन टाचा हायेत, चौदा दे. डब्यांना बुडाशी खिळ्याने भोकं पाडली, बाहेरून गेरू लावला. उतारावरून खणून केकताडाची पिल्लं काढली, फाटकाजवळून पिवळ्या काठाचीही चारेक. हाताला सपासप ओरखडे. रस लागला की खाजायचं, मग आईच्या मडक्यातलं पान मोडून चोळायचं. आईच्या कोरफडीची सगळी पिल्लं तिने मला घेऊ दिली. तिने एकदाच विचारलं, "जागा मिळाली तर तुझं नाव कागदावर येनार?" मी म्हटलं, व्हय. ती एकेक मडकं उचलून माझ्यापुढे ठेवत गेली.

मोठी केकताडं मी वाळलेल्या गुलाबांच्या जागी ओळीने लावली, उन्हात. मोकळ्या जागेत पांढरा मुरूम अंथरला, कडेने विटा तिरप्या. आणि चौदा डबे व्हरांड्याच्या पायऱ्यांवर, एक कोरफडीचा, एक केकताडाचा, एक कोरफडीचा, एक केकताडाचा. हिरवी, राखी, हिरवी, राखी. दिसायला छान दिसत होतं. आई येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "म्या काय सांगितलं हुतं?" मी म्हटलं, "शोभा बघ ना." पायऱ्यांवर दुपारी सावली यायची. सावलीत केकताडाचं पिल्लू उन्हातल्यासारखं ताठ राहत नाही, त्याची पानं रुंद आणि मऊसर होतात, काटा कोवळा राहतो. लांबून पाहणाऱ्याला कोरफडच. हे मला ठाऊक होतं. तरी ठेवले. ही चूक माझी आहे आणि ती मी कुणाच्या नावावर लावत नाही.

सुदामदादा त्या महिन्यात दोनदा पायऱ्यांवर येऊन बसला. एकदा त्याने विचारलं, "हौसा, यातली कोरफड कोन्ती गं?" मी म्हटलं, "हात लावून बघ." त्याने काट्याला हात लावला, बोट तोंडात घातलं आणि हसत हसत निघून गेला.

साहेब आले ते सकाळी. दोन जीपा. मी लुगडं नेसले होते, आईचं, हिरवं. हातात झारी होती, रिकामीच, माळ्याच्या हातात झारी असावी म्हणून. बाईसाहेब पुण्याकडच्या असाव्यात, बोलणं तसं होतं. त्या उतरल्या आणि फाटकापासून पायऱ्यांपर्यंत चालताना एकेका झाडापाशी थांबल्या. "अहो, बघा ना," त्या साहेबांना म्हणाल्या, "सगळीकडे रखरखाट आणि इथे काय सुंदर केलंय. पाण्याशिवाय. ही कल्पना कोणाची?"

साहेबांनी आबांकडे बघितलं. ओव्हरसियर शेजारी उभा होता. मी पाच-सहा पावलांवर.

आबा म्हणाले, "ह्यो माझा पुतन्या, साहेब. सुदाम. त्यानंच केली समदी. मॅट्रिकपत्तोर शिकलाय."

सुदामदादाने नमस्कार केला. साहेब म्हणाले, "शाबास." ओव्हरसियर चपलेने मुरूम सारखा करत होता. बाईसाहेबांनी सुदामदादाला विचारलं, "यांना पाणी किती घालता?" तो म्हणाला, "बेताचं." उत्तर बरोबर निघालं. मी झारी खाली ठेवली. ती नीट ठेवली, आवाज न होता, हे मला आठवतं. राग आला होता का? आज मला बारीकसारीक गोष्टीवर राग येतो, माझी माणसं मला घाबरतात. त्या वेळी पायाला मुंग्या याव्यात तसं सगळ्या अंगाला झालं होतं. मी मागे गेले आणि आईला कांदा चिरून दिला. आईने विचारलं, "काय म्हनाले?" मी म्हटलं, "आवडली बाग." आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दुसरा कांदा पुढे केला.

दुपारी टँकर आला म्हणून मी दोन हंडे घेऊन खाली गेले. रांग मोठी होती. तिथे असताना वर काय झालं ते मला नंतर आईकडून कळलं. बाईसाहेबांच्या हातावर चहाचं उकळतं पाणी सांडलं. मनगटापासून बोटांपर्यंत लाल. त्यांनीच सांगितलं, "माळ्याला म्हणावं कोरफड आणा, पायरीवर आहे." माळी कोण, तर सुदामदादा. त्याने पायरीवरच्या डब्यातलं पान कापलं, दगडावर ठेचलं आणि फडक्यात घालून दाराआडून आत दिलं; बाईसाहेबांनी ते कुणी दिलं हे न बघताच हाताला बांधलं. कोरफडीचं पान ठेचायचं नसतं, चिरून गर काढायचा असतो. पण त्याने ठेचलं, कारण ते पान चिरलं जात नव्हतं. तेव्हाही त्याच्या ध्यानात आलं नाही.

पाऊण तासात बाईसाहेबांना बसवेना. खाज, आग, हातभर गांधी उठलेल्या. साहेब व्हरांड्यात येऊन विचारायला लागले, हे कोणी दिलं. त्यांनी आबांना हाक मारली तेव्हा आबा आणि सुदामदादा आमच्या चुलीमागे उभे राहून काहीतरी बोलत होते. आई चुलीपाशीच होती. "कुजबुजत हुते दोघं," ती मला पुढे कितीदा तरी म्हणाली. "काय ते न्हाई ऐकू आलं. कढईत फोडनी चालली हुती." मग आबा बाहेर गेले.

मी हंडे घेऊन टेकाड चढत होते तेव्हा त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडलं. "सुदाम गावात गेल्ता, साहेब. पोरीनं दिलं. तिला काय समजतंय."

मी पायऱ्यांशी पोचले. सगळे माझ्याकडे वळले. साहेब काय बोलले ते सगळं मी लिहीत नाही. मी बाईसाहेबांच्या हाताकडे पाहिलं. फडकं अर्धं सुटलं होतं आणि ठेचलेल्या पानातले पांढरे दोरे कातडीला चिकटून राहिले होते. एका नजरेत कळलं. व्हरांड्याच्या दाराआड सुदामदादाचे पाय दिसत होते, गावात गेलेल्या सुदामदादाचे. मी डोक्यावरचा हंडा उतरवला आणि दोन तास रांगेत उभी राहून आणलेलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं. सगळं. एकेक दोरा काढला. मग तिसऱ्या पायरीवरच्या डब्यातलं पान मोडलं, पिवळा रस निथळू दिला, धुतलं, उभं चिरलं आणि गर हलक्या हाताने लावला. एकदा, थोड्या वेळाने पुन्हा.

बाईसाहेब डोळे मिटून बसल्या होत्या. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. "आता गार वाटतंय," त्या म्हणाल्या. मग डोळे उघडून, "अगं, तुला हे येतं. मग आधी ते का दिलंस?"

मी आबांकडे पाहिलं. आबा बिल्ला पुसत होते, कोटाच्या बाहीने, एकाच जागी. त्यांनी वर पाहिलं असतं तर मी खरं बोलले असते असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. आता तेवढी खात्री नाही.

मी म्हटलं, "चुकलं, बाईसाहेब."

साहेब म्हणाले, "या मुलीला बागेत फिरकू देऊ नका." ओव्हरसियरने वहीत काहीतरी लिहिलं.

रात्री जेवायला बसलो तेव्हा आईने पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली. सुदामदादाने दुसरी घेतली. दोन महिन्यांनी त्याची ऑर्डर आली. आबांनी पेढे आणले. मी एक खाल्ला. चव सांगता येणार नाही.

ऑर्डरच्या आठवड्यात मी आईच्या मडक्यांत उरलेली कोरफड उपटली, गोणपाटात गुंडाळली आणि श्रीरामपूरला मावशीकडे निघून गेले. तिथल्या आठवडे बाजारात एक पोतं अंथरून बसले. कोरफड दारावर बांधायला, कोरफड भाजल्यावर, कोरफड केसांना. पुढे कुंड्या, पुढे रोपं, पुढे ही जागा. ते सगळं मी माझ्या जिवावर केलं, आणि कुणाशी काही ठरवलं तर आधी लिहून घेतलं. आई सांगायची, टँकरचा हुकूम उठल्यावर सुदामदादा सरकारी माळ्याने घालावं तसं सकाळ-संध्याकाळ डब्याडब्यात पाणी घालायचा. कोरफडीचे सातही डबे पंधरा दिवसांत बुडापासून सडले. केकताडाचे राहिले. त्यावरून त्याला कुणी बोललं नाही. नोकरी पूर्ण करून तो सुखाने घरी बसला.

आबांना मी एकदाच विचारलं. ते अंथरुणाला खिळले होते, मी सेवेला गेले होते. कमरेला व्रण पडले होते, मी कोरफडच लावत होते. म्हटलं, "आबा, त्या दिवशी माझं नाव तुमी का घेतलं?" त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. म्हणाले, "पानी दे." मी दिलं. पाचव्या दिवशी ते गेले. मला रडू आलं नाही, बायका मला बोलल्या.

सकाळचं मी समजू शकते. पुतण्या म्हणजे मुलगा, मुलगी म्हणजे परक्याची. तो हिशेब आबांच्या डोक्यात कितीतरी आधीपासून पक्का होता, त्यात मी बसत नव्हते. राग येतो, पण कळतं. दुपारचं मला पन्नास वर्षं कळलेलं नाही. जागा मिळाल्यातच जमा होती. साहेब रागावले असते, ओरडले असते, फार तर सुदामदादाला खडी फोडायला पाठवलं असतं. ती जागा राखायला माझं नाव आबांना आपणहून सुचलं, की कुणी सुचवलं?

गेल्या वर्षी सुदामदादा नर्सरीत आला. मुलाने गाडीतून आणला होता, नव्या बंगल्याला झाडं हवी होती. काठी टेकत सगळीकडे फिरला. मी चहा दिला. तो म्हणाला, "हौसा, तुझ्या हाताला गुन हाय, पहिल्यापासून." मुलगा भाव कमी करायला लागला. मी एक रुपया सोडला नाही. सुदामदादा हसून त्याला म्हणाला, "हिच्या नादी नगं लागू, लई करडी हाय." आजूबाजूला गिऱ्हाइकं होती, माझी माणसं होती. मी विचारलं नाही. ते गेल्यावर कामाच्या पोरीच्या हातून एक कुंडी निसटली, तर मी तिला इतकं बोलले की ती रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन तिला परत आणावं लागलं.

तेव्हा हे इथे लिहिते, छापून तुझ्या हातात पडेल असं लिहिते, सुदामदादा. मला तुझी माफी नको. जागाही नको, ती तू वापरून संपवलीस. तू वाईट होतास असंही मी कुठे लिहिलेलं नाही, वर वाचून बघ. फोडणी चालली होती म्हणून आईला ऐकू आलं नाही. आबा भिंतीकडे तोंड करून गेले. चुलीमागे त्या दिवशी तुम्ही दोघं होतात, त्यातला तू एक उरला आहेस. माझं नाव पहिल्यांदा कुणी घेतलं, त्यांनी की तू? तू घेतलं असशील तर तसं सांग, म्हणजे माझा बाप निदान अर्धा तरी मला परत मिळेल. त्यांनीच घेतलं असेल तर तेही सांग. ऐकायची माझी तयारी आहे. पण आता गप्प राहून जायचं नाही. मुलाला गाडी काढायला लाव, ये, आणि माझ्या तोंडावर सांग.